घुमीचा पेपर, टिटवीचा हात

दहावीचे सगळे पेपर झाले होते, गणित तेवढं राहिलं होतं. तेही ठरल्या तारखेला व्हायचं ते कुठल्याशा कारणानं पुढे ढकललं गेलं आणि घुमीला तीनेक आठवडे मोकळे मिळाले. मोकळे म्हणजे शाळेपुरते. घरी विटांचा हंगाम चालू होता. सकाळी उजाडलं की बाप विटांचा चिखल, गारा, तुडवायला उतरायचा, आई साचा घेऊन बसायची आणि घुमी थापलेल्या विटा उन्हात उभ्या करत फिरायची. पुस्तक झाडाखाली पोत्यावर पडलेलं असायचं. एक रांग उभी करून झाली की ती पोत्याजवळ जायची, उभ्या उभ्या एक गणित वाचायची आणि पुढची रांग करता करता ते मनातल्या मनात सोडवायची. परत आली की उत्तर ताडून पाहायची. बहुतेक वेळा बरोबर असायचं.

तोंडानं मात्र एक अक्षर नाही. लहानपणापासून तिचं हेच. काय हवं विचारलं तर बोट दाखवायची, काय झालं विचारलं तर मान हलवायची. म्हणून नाव पडलं घुमी. शाळेतल्या गणिताच्या बाईंनासुद्धा तिचा आवाज हजेरीपुरताच माहीत होता.

त्या दुपारी आभाळ भरून आलं ते कुणाच्या ध्यानीमनी नसताना. अवेळी. वारा सुटला, गाऱ्याच्या खड्ड्यावर धूळ उडाली, आणि बाप ओरडला, "ताडपत्री!" कच्च्या विटांचं असं असतं, चार थेंब पडले की कडा झिजतात, चांगली सर आली की पुन्हा चिखल. आईनं ताडपत्रीचं एक टोक धरलं, बापानं दुसरं, घुमीनं तिसरं टोक उचललं आणि ती पळाली. पळता पळता तिची नडगी तारेला लागली.

ती तार काकानं बांधली होती. विहिरीजवळची सपाट जागा, जिथे विटा वाळवायच्या, ती वाटणीत दोघा भावांच्या मध्ये राहून गेली होती. बाप म्हणायचा झाडापर्यंत माझी, काका म्हणायचा झाडाच्या अलीकडे माझी. बोलणं वाढत गेलं आणि एक दिवस बंद झालं. मग काकानं चार खुंट्या ठोकल्या आणि नडगीच्या उंचीवर तार ओढून मोकळा झाला. तेव्हापासून दोन्ही घरं एकाच आवारात, एकाच विहिरीवर, पण एकमेकांना न दिसल्यासारखी वागत होती.

घुमी पुढच्या पुढे कोसळली ती उजव्या हातावर. आई धावत आली. घुमीनं मनगट छातीशी धरलं होतं, तोंड पांढरंफटक पडलं होतं, पण ती एवढंच म्हणाली, "आधी ताडपत्री धरा."

तारेपलीकडे काका, काकू आणि त्यांची पोरगीही आपल्या विटा झाकत होती. तिघांनी पाहिलं. काका ताडपत्री हातात धरून तसाच उभा राहिला. एक पाऊल पुढे टाकलं, मग थोरल्या भावाचं तोंड पाहिलं आणि तिथेच थांबला. पावसानं तेवढ्यात त्याच्याही दोन रांगा खाल्ल्या.

हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी बोटांच्या पेरांपासून कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि हात गळ्यात अडकवून दिला. बाप दवाखान्याच्या बाकावर बसून प्लास्टरकडेच बघत होता.

"गणित कसं लिहिणार?" त्यानं डॉक्टरांना विचारलं.

"गणिताचं मला विचारू नका," डॉक्टर म्हणाले. "मी त्यातून सुटलो म्हणून डॉक्टर झालो."

बापाला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आवारात उतरले तेव्हा तारेला चिंध्या बांधलेल्या होत्या. जुन्या लाल लुगड्याच्या, वीतभर अंतरावर एकेक, या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत, आंधळ्यालाही दिसाव्यात अशा. कुणी बांधल्या, कुणी विचारलं नाही. बाप तिकडे बघून थुंकला आणि गाऱ्यात उतरला.

*

गणिताच्या बाई सायकलवरून घरी आल्या. पोत्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "लेखनिक घेता येतो. हिनं सांगायचं, त्यानं लिहायचं. मी अर्ज टाकलाय. फक्त लेखनिक खालच्या वर्गातला हवा, आणि अक्षर स्वच्छ हवं."

"खालच्या वर्गातलं कोण?" आईनं विचारलं.

बाईंनी मान वळवली. तारेपलीकडे पाहिलं. तिकडे काकाची पोरगी एका हातात पाण्याची बादली घेऊन, कुत्र्याशी, बादलीशी आणि बहुधा स्वतःशी एकाच वेळी बोलत चालली होती.

ती टिटवी. नववीत. सकाळी डोळे उघडले की हिचं तोंड उघडायचं आणि झोप लागली तरी अर्धं उघडंच राहायचं. पण अक्षर असं की शाळेच्या फळ्यावरचा सुविचार रोज तिच्याच हातचा.

"नाही," बाप म्हणाला.

"दुसरं कुणी नाही हो. नववीत आहेत किती? एकाचं अक्षर त्याला स्वतःला लागत नाही. एक गावाला गेलाय. बाकीच्यांना वर्गमूळ म्हणजे झाडाचं मूळ वाटतं."

"ज्यांनी पोरीचा हात मोडला त्यांच्याच पोरीचा हात मागायचा? त्यापेक्षा पुढच्या वर्षी बसेल."

घुमीनं मान वर केली. "यंदाच," ती म्हणाली.

बाप तिच्याकडे बघत राहिला. पोर आपणहून बोलली की तो नेहमी असाच गोंधळायचा.

पुढचं दोघी जावांनी ठरवलं. विहिरीवर पाणी भरताना त्यांचं बोलणं बंद असायचं ते नवऱ्यांना दाखवण्यापुरतं. आई दोर ओढता ओढता नुसती म्हणाली, "यंदाचं वर्ष जाईल गं पोरीचं." काकू म्हणाली, "मी बघते." संध्याकाळी काकाच्या घरातून आधी काकाचा आवाज ऐकू आला, मग काकूचा, मग बराच वेळ फक्त काकूचाच.

सकाळी टिटवी वही घेऊन तारेपाशी येऊन बसली. पलीकडच्या बाजूला, पाय दुमडून.

"ताई, आमच्या बाबांनी सांगितलंय, तार ओलांडायची नाही. आणि तुझ्या बाबांनी तुला सांगितलं असेल, अलीकडे यायचं नाही. मग म्हटलं तारेला काय, आवाज तर जातोच पलीकडून. मी दोन पेनं आणलीत. निळं आणि काळं. तुला कुठलं हवं? म्हणजे मलाच लिहायचंय, पण पेपर तुझा ना. हात दुखतो का गं? खाज येते का आत? आमच्या वर्गातल्या एकाला आली होती, त्यानं फूटपट्टी घातली आत, ती अडकलीच."

घुमी तिच्यासमोर बसली. पुस्तक मांडीवर उघडलं. एका गणितावर बोट ठेवलं.

"सांग ना," टिटवी म्हणाली.

घुमीचे ओठ हलले. गणित तिला दिसत होतं, उत्तरसुद्धा दिसत होतं. पण ते पायरी पायरीनं तोंडातून बाहेर काढायचं म्हणजे तिला घरातलं सगळं सामान रस्त्यावर मांडल्यासारखं वाटत होतं.

"एक्स बरोबर तीन," शेवटी ती म्हणाली.

"आणि वरचं?"

"वरचं काय?"

"अगं, उत्तर लिहिलं मी. पण आधीचं काय लिहू? एक्स आभाळातून पडला का?"

विटा उभ्या करत असलेली आई तिकडे पाठ करून हसली.

*

पहिले दोन दिवस नुसता गोंधळ. घुमी म्हणायची, "एक अधिक एक्स भागिले दोन." टिटवी लिहायची. घुमी तारेवरून वाकून पाहायची आणि डोकं हलवायची.

"दोन सगळ्याच्या खाली हवे."

"मग तसं सांग. मी एक्सच्याच खाली दिले. तू सगळ्याच्या खाली म्हणाली नाहीस."

"समजायला नको?"

"ताई, बाई म्हणाल्यात, मला काही समजायचंच नाहीये. तू म्हणशील तेवढंच. मला समजलं आणि मी लिहिलं तर तो गुन्हा."

हे खरंच होतं. बाईंनी दोघींना बजावून सांगितलं होतं. परीक्षेच्या खोलीत शेजारी एक माणूस नजर ठेवून बसणार. लेखनिक एक शब्द बोलला, खूण केली, चूक दुरुस्त केली, तर पेपर गेला.

मग घुमीनं सांगायची रीत बसवली. अपूर्णांक आला की म्हणायचं, "वरचा मजला." वरच्या मजल्यावर काय काय राहतं ते सांगायचं. मग "छत टाक," म्हणजे रेघ ओढ. मग "खालचा मजला." कंस उघडला तर तो बंद केल्याशिवाय पुढे जायचं नाही. वर्गमूळ आलं की त्याची मांडव-रेघ कुठपर्यंत न्यायची तेही सांगायचं. टिटवीला हे फार आवडलं. "वरच्या मजल्यावर वजा बी राहतो, त्याच्या शेजारी वर्गमुळाचा मांडव, खालच्या मजल्यावर दोन ए," असं ती विहिरीवर, गोठ्यात, जेवताना घोकू लागली. काकूनं विचारलं, "कुणाचं लग्न आहे गं?"

आकृत्यांचं सगळ्यात अवघड. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची. घुमीनं हातात कर्कटक घेतलं असतं तर चुटकीसरशी काढली असती. आता तिला सांगावं लागत होतं, "ओ केंद्र घे. वर्तुळ काढ. बाहेर पी. ओ आणि पी जोड. त्याचा लंबदुभाजक काढ..."

"कर्कटक किती उघडू?"

"निम्म्याहून जास्त."

"कशाच्या निम्म्याहून?"

घुमीनं डोळे मिटले. घामानं गळ्यातली पट्टी मानेला काचत होती. "ओ पीच्या," ती हळूच म्हणाली. मग तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला तिनं काहीच सोडलं नाही. कर्कटकाचं टोक कुठे ठेवायचं, किती उघडायचं, कंस वर आणि खाली दोन्हीकडे मारायचा, मग कर्कटक न हलवता दुसऱ्या टोकावर. टिटवीनं सगळं केलं आणि वही तारेवरून पलीकडे धरली. दोन रेघा वर्तुळाला जिथल्या तिथे टेकल्या होत्या.

घुमी हसली. तिचे पुढचे दात मोठे होते म्हणून ती हसायची नाही. टिटवीनं ते पहिल्यांदाच एवढे जवळून पाहिले.

"तुझा आवाज छान आहे गं," टिटवी म्हणाली. "मला वाटायचं घोगरा असेल."

एका आठवड्यात घुमी बरीच बोलायला लागली. आणि टिटवीला गणित कळायला लागलं. त्यातूनच पुढचं संकट उभं राहिलं. घुमी चुकीचं बोलली की टिटवीचा हात थांबायचा. हात नाही थांबला तर तोंडातून "अं" निघायचा. अंही गिळला तर भुवया कपाळात जायच्या.

"भुवया खाली," घुमी म्हणायची.

"मी काय करू, त्या आपोआप जातात."

"तुझ्या भुवया बघून मी चूक दुरुस्त केली तर तो पेपर तुझा होईल."

मग त्यांनी सराव सुरू केला. टिटवीनं तोंडात पाण्याचा घोट भरून बसायचं, घुमीनं मुद्दाम चुकीचं सांगायचं. सात आठे चोपन्न. टिटवी लाल व्हायची, डोळ्यांत पाणी यायचं, गाल फुगायचे. एकदा घुमीनं वर्तुळाला तीन कोपरे आहेत असं सांगितलं आणि सगळं पाणी तारेवरून घुमीच्या तोंडावर आलं. दोघी इतक्या हसल्या की बाप गाऱ्यातून वर आला. घुमी खदाखदा हसते आहे हे त्यानं दुरून पाहिलं, आणि हातातलं फावडं तसंच धरून जरा वेळ उभा राहिला. मग परत खाली उतरला.

*

पण भांडण मिटलं नव्हतं. पेपरला तीन दिवस राहिले असताना काकाचा टेम्पो पक्क्या विटा भरून निघाला आणि वळताना त्याचं मागचं चाक बापाच्या ओल्या विटांवरून गेलं. अर्धी रांग चपटी झाली. बापाची कंबर सकाळपासून धरलेली, घरात घुमीच्या हातामुळे एक हात कमी, त्यात हे. तो फावडं घेऊन तारेपाशी गेला आणि खुंटी उपटायला लागला.

"हात लावू नको दादा," काका टेम्पोतून उतरून आला.

"आधी पोरीचा हात मोडलास. आता विटा मोड. मग माझी मान राहिली आहे."

"मी मोडला? तिला तार दिसली नाही?"

"दिसली नाही! म्हणून तर चिंध्या बांधल्यास ना मागाहून? लाज वाटली म्हणूनच बांधल्यास!"

काकाचं तोंड एकदम उतरलं. इतक्या लोकांत, टेम्पोवरच्या गड्यांदेखत, ती चिंध्यांची गोष्ट बोलायला नको होती. त्यानं टिटवीच्या हातातली वही ओढून तारेवरून घुमीच्या पुढ्यात भिरकावली, तिचा दंड धरला आणि म्हणाला, "चल घरी. पुरे झालं लिहिणं. ज्याला माझी लाज काढायची आहे त्यानं लेखनिक दुसरीकडे बघावा."

टिटवी ओढली जात असताना एकदाही ओरडली नाही. मागे वळून घुमीकडे बघत राहिली, बस.

त्यानंतर तारेपाशी कुणी आलं नाही. घुमी एकटीच बसायची. आपल्या आपण सांगायची, "वरचा मजला... छत टाक..." समोर कच्च्या विटांच्या रांगा. आई एकदा म्हणाली, "मी लिहिते," आणि बसली. पण तिला एक्स लिहायला सांगितला तर ती फुली मारून पुढचं विचारायची, "आता हे खोडलं, पुढे काय?"

पेपरच्या आदल्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर, बाप हात धुऊन घुमीपाशी आला. नखांत चिखल होताच. तो पोत्यावर मांडी घालून बसला आणि वही पुढे ओढली.

"सांग."

"तुम्ही?"

"सातवीपर्यंत शिकलोय. अक्षर ओळखतो. सांग."

घुमीनं सांगायला सुरुवात केली. बापाची बोटं साच्याला आणि फावड्याला सरावलेली. पेन त्यांच्यात काडीसारखं हरवत होतं. एकेक आकडा तो दाबून, जीभ दातांत धरून लिहीत होता. पानाला मागून उठाव येत होता. दोन ओळी झाल्या आणि त्याच्या मनगटात कळ आली. त्यानं हात झटकला.

"सावकाश, पोरी. मी काय टिटवी आहे?"

नाव त्याच्या तोंडून निघून गेलं. घुमी वहीकडे वळली. खाली मान घालून बसली. बापानं वहीत पाहिलं. त्याच्या दोन ओळींच्या वर टिटवीच्या हातची कितीतरी गणितं होती, स्वच्छ, एका रेषेत. समासात एके ठिकाणी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "ताईच्या हाताला खाज. बाबांना न सांगता कडुनिंबाची काडी देणे."

तो पान उलटायचं सोडून तेच परत वाचत होता. मग पेन खाली ठेवलं, उठला आणि तसाच चालत तारेपाशी गेला. तारेवरून पाय टाकला, पलीकडे उतरला. काका भट्टीपाशी विटा रचत होता.

"उद्या पोरीला पाठव," बाप म्हणाला.

काकानं मान वर केली नाही. हातातली वीट रचली, दुसरी उचलली.

"परवाचं मी जास्त बोललो. गड्यांसमोर बोलायला नको होतं. पण पोरीला पाठव."

"मी कसला अडवतोय आता," काका म्हणाला, आणि वीट हातातच राहिली. "ती बोलतच नाही घरात."

"कोण?"

"टिटवी. परवापासून एक शब्द नाही. रडत नाही, रुसत नाही, जेवते, कामं करते. तोंडात पाण्याचा घोट धरल्यासारखी. दादा, त्या घरात बसवत नाही रे. तिची आई म्हणते, घरात कुणी आजारी पडल्यासारखं वाटतंय. कुत्रंसुद्धा तिच्यापुढे बसून राहतं, ही बोलेल म्हणून."

बापाला हसू आलं. ते त्यानं मिशीत दाबलं, पण काकाला दिसलंच. काकाच्या तोंडाचाही एक कोपरा हलला.

"टेम्पो आहे सकाळी?" बापानं विचारलं.

"आहे. पण वळवायला जागा नाही. ही तार मध्ये येते."

"मग काढ की."

"काढतो. पण जागेचं माप झाल्यावर पुन्हा बांधणार."

"बांध. मापाला मीही उभा राहणार."

दोघांनी मिळून त्या बाजूच्या दोन खुंट्या उपटल्या. काकानं तार गुंडाळून विहिरीच्या कठड्यावर टाकली. तेवढ्यात घराच्या दारात टिटवी आली. तिनं गुंडाळलेली तार पाहिली, दोघांना शेजारी शेजारी पाहिलं, आणि तिचं तोंड उघडलं ते दिवस मावळेपर्यंत मिटलं नाही.

*

सकाळी आईनं घुमीची वेणी घातली, प्लास्टरवर स्वच्छ फडकं बांधलं. काकूनं दोघींना एकाच ताटात जेवायला बसवलं. "पोटभर खा गं, तीन तासांहून जास्त बसायचंय." टेम्पोत पुढे काका आणि दोघी पोरी, मागे विटांच्या लाल धुळीत बाप, एका हातानं फळी धरून.

त्यांना वेगळी खोली दिली होती. एक बाक, एक खिडकी, आणि समोर खुर्चीत एक जाडे गृहस्थ. त्यांनी चष्मा पुसला आणि टिटवीला म्हणाले, "लिहिलेलं वाचून दाखवायचं सोडून तुझ्या तोंडातून शब्द आला तर मी दोघींना बाहेर काढीन."

टिटवीनं मान डोलावली.

प्रश्नपत्रिका आली. घुमीनं ती वाचली, पुन्हा वाचली आणि बोलायला लागली. आधी आवाज बारीक. मग खोलीला सरावला. "प्रश्न पहिला, अ. वरचा मजला..." जाड्या गृहस्थांनी चमकून वर पाहिलं. "छत टाक. खालचा मजला..." थोड्या वेळानं ते खुर्ची पुढे ओढून ऐकायला लागले. आकृतीच्या वेळी घुमी कर्कटकाचं टोक कुठे ठेवायचं हे सांगत असताना त्यांचं बोट आपसूक मांडीवर फिरत होतं.

वर्गसमीकरण आलं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळ गेला होता. घुमीचा घसा सुकला होता, इतकं ती वर्षभरात बोलली नव्हती. एक्स वर्ग वजा सात एक्स अधिक पाच. बी म्हणजे वजा सात, म्हणून वजा बी म्हणजे अधिक सात. तारेपाशी हे तिनं टिटवीला किती वेळा सांगितलं होतं. पण आता तिची नजर पुढच्या प्रश्नावर गेली होती आणि तिच्या तोंडून निघालं, "वरचा मजला. वजा सात. शेजारी अधिक-वजा, वर्गमुळाचा मांडव..."

टिटवीला चूक कळली. हात थांबला नाही. भुवया हलल्या नाहीत. तिनं वजाची रेघ नीट, स्वच्छ ओढली आणि पुढे सात लिहिला. खालच्या ओठाच्या आत दात रुतले होते. उत्तर आलं, चुकीचं, तिनं तेही चौकटीत लिहिलं.

शेवटी घुमी म्हणाली, "सगळं वाचून दाखव." टिटवीनं वाचलं. एकसारख्या, सपाट आवाजात, बातम्या वाचल्यासारखं. त्या ओळीपाशी आली तेव्हा आवाज तसाच ठेवला. "वजा सात, अधिक-वजा, वर्गमुळात एकोणतीस." घुमी डोळे मिटून ऐकत होती. "पुढे," ती म्हणाली.

टिटवी पुढे वाचत गेली.

फाटकाबाहेर झाडाखाली बाप आणि काका टेम्पोला टेकून उभे होते. पोरी दिसल्या तसे दोघे पुढे आले. टिटवी फाटकाबाहेर पडली आणि मटकन खाली बसून हमसाहमशी रडायला लागली.

"काय केलंस गं?" काका घाबरून ओरडला. "चुकवलंस काही? बोल ना!"

"वजा... वजा सात..." तिला पुढे बोलता येईना. "अधिक हवं होतं... ताई वजा म्हणाली... मी... मी वजाच लिहिलं... तीन मार्कांचा होता..."

घुमी तिच्यासमोर उकिडवी बसली. क्षणभर आठवून पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं.

"हो की," ती म्हणाली. "वजा म्हणाले मी."

"मला माहीत होतं गं! पहिल्या वेळी पण माहीत होतं, वाचताना पण माहीत होतं!"

"मग गप्प बसलीस?"

"बसले."

"हात थांबला?"

"नाही."

"भुवया?"

टिटवीनं नाक पुसत मान हलवली. नाही.

घुमीनं डावा हात तिच्या मानेमागे टाकला आणि तिला जवळ ओढलं. प्लास्टर मध्ये आलं, दोघींना टोचलं.

बापाला यातलं काही कळलं नव्हतं. "म्हणजे चूक कुणाची?" त्यानं विचारलं.

"माझी," घुमी म्हणाली. "तिनं काही चुकवलं नाही बाबा. मी चुकले ते तिनं जसंच्या तसं लिहिलं."

बाप टिटवीकडे बघत राहिला. तिचा उजवा हात मांडीवर पडला होता, बोटं आखडलेली, मधल्या बोटाला पेनाचा खळगा, शाई तळव्यापर्यंत आलेली. तो खाली बसला. तो हात आपल्या हातात घेतला आणि एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत चोळायला लागला, हळू, कारण त्याचा स्वतःचा पंजा विटेसारखा खरखरीत होता.

"दुखतात का गं?"

"मोठे काका, अंगठा जास्त दुखतो," टिटवी हुंदके देत म्हणाली. "आणि तहान लागली आहे. आणि त्या माणसाच्या नाकात केस होते, ते मला सारखे दिसत होते, आणि हसू आलं असतं तर..."

ती सांगत राहिली. बाप अंगठा चोळत राहिला. काका तोंड फिरवून टेम्पोच्या टायरवर उगाच लाथ मारून पाहत होता, हवा बरोबर आहे का म्हणून.

*

निकाल लागला तेव्हा हंगाम उठला होता. भट्ट्या थंड पडल्या होत्या, गाऱ्याच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं, आणि जागेचं माप अजून झालं नव्हतं, कारण मोजणी करणारा माणूस दोनदा येतो म्हणून आलाच नव्हता. घुमीचं प्लास्टर निघालं होतं. हात बारीक आणि पांढरट झाला होता आणि ती मूठ आवळून सोडायचा व्यायाम करत दारात बसली होती.

टिटवी शाळेतून पळत आली ती सगळ्या घरांना ओरडून सांगतच. "आम्हाला एक्क्याऐंशी! गणितात आम्हाला एक्क्याऐंशी!"

समोरच्या घरातली म्हातारी खिडकीतून म्हणाली, "तुला कुठले गं? तू तर तेव्हा नववीत. घुमीला पडले म्हण."

टिटवी गोंधळून थांबली. तिनं घुमीकडे पाहिलं. आई, काकू, बाप सगळे बाहेर आले होते आणि आता घुमी नेहमीसारखी नुसती मान हलवेल असंच सगळ्यांना वाटलं.

"आजी," घुमी दारातूनच मोठ्यानं म्हणाली, रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "आम्हालाच पडले. आणि ते गेलेले तीन फक्त माझे."